कोरी पट्टी

पोकळीताईनं साखरसाहेबाला माफ केलेलं नव्हतं, आणि करायचा तिचा विचारही नव्हता. लोक म्हणतात, वर्षं गेली की राग निवतो. निवत असेल बाबा कुणाचा. ताईचा नऊ वर्षांत कणभरही निवला नव्हता. सकाळी प्रयोगशाळेच्या फाटकातून आत शिरताना ती रोज एकदा वरच्या मजल्यावरच्या त्या मोठ्या काचेच्या खिडकीकडे बघायची. मनातल्या मनात म्हणायची, 'थांब, तुझाही दिवस येऊ दे,' आणि मग तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत जाऊन बाटल्या धुवायला लागायची.

ही दोन्ही नावं अर्थात आईबापांनी ठेवलेली नव्हेत. एके काळी प्रयोगशाळेतलं सगळ्यात मोठं यंत्र ताईच्या ताब्यात होतं. माणूस गुडघे मुडपून आत बसेल एवढी पोलादी कोठी. तिच्यातली हवा पंपांनी उपसून उपसून आत काही म्हणजे काही उरू द्यायचं नाही, हे तिचं काम. 'ताई दिवसभर काय करतात?' 'काही नाही ते सांभाळतात.' हा तिथला ठरलेला विनोद होता. ताईही हसायची आणि म्हणायची, "काहीतरी सांभाळायला कुणालाही येतं रे. काही नाही सांभाळून दाखव."

आणि साखरसाहेब म्हणजे विभागाचा प्रमुख. मोठा शास्त्रज्ञ. आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही. शिपायालासुद्धा 'आपण' म्हणायचा. बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या तोंडाला गोडी यावी, आणि खाली मान घालून बघावं तर केसानं गळा कापलेला. नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याचं भलं होवो.

ताईचं शिक्षण म्हणाल तर यंत्रशाळेतलं, दोन वर्षांचं. पण खरं शिक्षण त्याआधीच झालं होतं, बाबांच्या मुलाम्याच्या दुकानात. दुकान म्हणजे दोन खोल्या आणि पाच टाक्या. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, सायकलचे हँडल, जे येईल त्याला बाबा विजेनं मुलामा चढवून द्यायचे. बाबा एक गोष्ट उठता-बसता सांगायचे: "धातू चकचकीत दिसतो म्हणून स्वच्छ नसतो गं." पाण्यातून तुकडा वर काढायचा. पाणी अंगभर एकसंध राहिलं तर स्वच्छ. थेंब थेंब होऊन फाटलं तर कुठेतरी तेलकट बोट लागलंय, परत घास. आणि त्यांची आणखी एक रीत होती. प्रत्येक खेपेत ते एक तुकडा नुसताच फिरवायचे. बाकीच्यांबरोबर तोही सगळ्या टाक्यांतून जायचा, फक्त त्याला वीज लावायची नाही. गिऱ्हाईकं हसायची, एवढा खटाटोप फुकट कशाला म्हणून. बाबा म्हणायचे, "त्यालाही चमक आली तर मला कळायला नको का, चमक माझ्या मुलाम्याची नाही म्हणून?"

ताई प्रयोगशाळेत आली ती ही रीत पदरात बांधूनच आली.

आता ते यंत्र काय करायचं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घाबरू नका, एवढं काही अवघड नाही ते. धातूच्या आत इलेक्ट्रॉन मोकळे हिंडत असतात. पण धातूच्या बाहेर पडायचं म्हटलं की त्यांना एक उंबरठा ओलांडावा लागतो. सोन्याचा उंबरठा चांगला उंच, इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापात पाच पूर्णांक दोन. यंत्रातला दिवा सोन्याच्या पट्टीवर डोळ्यांना न दिसणारा, जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड टाकतो. त्यानं इलेक्ट्रॉन उडून बाहेर येतात. ते किती जोरात आले हे मोजलं की उंबरठा किती उंच होता ते पडद्यावर आकड्यात दिसतं. एवढंच.

या उंबरठ्याचं एवढं कौतुक कशाला? तर मोबाइलचा पडदा घ्या, उन्हावर वीज करणारी तावदानं घ्या, सगळीकडे एक पदार्थ दुसऱ्याला चिकटवलेला असतो आणि इलेक्ट्रॉननं याच्यातून त्याच्यात जायचं असतं. सांध्यावर उंबरठा चुकीचा असला की इलेक्ट्रॉन तिथेच अडतात, वीज नुसती गरम होऊन वाया जाते. साखरसाहेबाचं म्हणणं असं की त्यानं यावर औषध शोधलंय. औषध म्हणजे एक रसायन. त्याच्या रेणूचं एक टोक अधिक, दुसरं उणे. शास्त्रातली माणसं त्याला द्विध्रुव म्हणतात. सोन्याची पट्टी या औषधाच्या स्पिरिटमध्ये दोन दिवस बुडवून ठेवली की हे रेणू तिच्यावर एकच थर करून उभे राहतात, शाळेच्या प्रार्थनेला पोरं राहतात तसे, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. अधिकची टोकं बाहेर. मग आतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडणं सोपं होतं, उंबरठा खाली येतो. सोनं तेच, फक्त वरच्या एका रेणूच्या जाडीत सगळा खेळ.

आणि आकडाही तसा यायचा. चार पूर्णांक पाच. साहेबाची कीर्ती झाली, परदेशातून बोलावणी आली, वरच्या मजल्यावरची ती खिडकी आली. पट्ट्या सगळ्या ताईनं बुडवलेल्या, आकडे सगळे ताईनं काढलेले. तिचं नाव कुठे नव्हतं, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटायचं.

मग एकदा तिनं आपल्या रीतीप्रमाणे एक कोरी पट्टी खेपेत घातली. आधी साहेबाला घाई असायची, मोजक्या पट्ट्या असायच्या, म्हणून राहून गेलं होतं. ही पट्टी बाकीच्यांसारखीच स्पिरिटमध्ये दोन दिवस राहिली, फक्त त्या स्पिरिटमध्ये औषध नव्हतं. मग तीही यंत्रात गेली. ताईनं पडद्याकडे पाहिलं आणि दिवा विझवून परत लावला.

चार पूर्णांक पाच.

औषध नाही, काही नाही, तरी उंबरठा तेवढाच खाली. ती कागद घेऊन साहेबाकडे गेली. बिचारीला वाटलं, साहेब म्हणेल, बरं झालं दाखवलंत.

साहेबानं कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बसा ना ताई, उभ्या का?" तो म्हणाला. "हे तुम्ही आणखी कुणाला दाखवलंत का?"

"नाही साहेब. तुम्हालाच आणलं आधी."

"छान केलंत. कसं आहे ताई, तुम्ही दिवसभर औषधात हात घालता. हातमोज्यांना लागतं, चिमट्याला लागतं. तेच या कोऱ्या पट्टीला लागलं. होतं असं. माणूस आहे, हात आहेत."

"मी मोजे बदलले होते, साहेब."

"हो, तुम्हाला तसं वाटणारच," साहेब हसून म्हणाला.

आठ दिवसांनी ताईच्या हातात कागद पडला. सदर कर्मचाऱ्याची हाताळणी अस्वच्छ असल्याचे आढळल्याने तिची काचसामान धुलाई विभागात बदली करण्यात येत आहे. खाली साहेबाची झोकदार सही. मेल्यानं 'घाणेरड्या हातांची' असं सरळ तरी लिहायचं होतं. तेवढीही हिंमत नाही.

घरी तेव्हा बाबा होते. दुकान बंद झालेलं, गुडघे गेलेले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. त्यांनी कागद वाचायला मागितला. ताईनं द्यायला नको होता, पण दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. मग विचारलं, "हात धुतले होतेस ना गं?"

"हो बाबा."

"मोजे बदलले होतेस?"

"बदलले होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. पुढच्या महिन्यात पुन्हा. ते तिच्यावर संशय घेत होते असं नाही. त्यांना ते समजतच नव्हतं. त्यांच्या हाताखाली वाढलेली पोर आणि हात घाण? तीन वर्षांनी ते गेले. जायच्या आठवड्यातही त्यांनी औषध पाजणाऱ्या तिच्या हाताकडे पाहिलं आणि तेच विचारलं. ताईनं 'हो' म्हटलं. पण खरं सांगायचं तर तोवर तिचा तिलाच भरवसा उरला नव्हता. साहेबाचं म्हणणं अगदीच अशक्य नव्हतं ना! औषध चिकट होतं, हात दोनच होते, घाई होती. लागलंही असेल. यंत्राला पुन्हा हात लावायची बंदी, त्यामुळे खातरजमा करायची सोयच नाही. बाबांना तिनं जे उत्तर दिलं ते खरं होतं की खोटं, हेच तिला माहीत नव्हतं. साहेबानं तिची जागा काढून घेतली ते एक वेळ तिनं गिळलं असतं. हे तिला गिळता येत नव्हतं.

बाटल्यांच्या खोलीत नऊ वर्षं गेली. आधी साबण, मग आम्ल, मग साधं पाणी, मग शुद्ध पाणी, मग भट्टी. ताईनं धुतलेल्या काचेवर पाणी कधी फाटलं नाही. साखरसाहेब दर वर्षी तिच्या अहवालावर स्वतःच्या हातानं लिहायचा, 'काचसामानाची स्वच्छता: उत्कृष्ट'. त्याला वाटायचं, बाई खूश होईल. ताई ते कागद नीट जपून ठेवायची, आणि का ठेवायची ते तिचं तिला माहीत.

त्याच खोलीत तिला एक जाडजूड पुस्तक सापडलं. नळ फुटून भिजलेलं, म्हणून वरून खाली टाकून दिलेलं. दुपारी डबा खाऊन झाला की ती रोज एक पान वाचायची. काही पानं आठवडाभर कळायची नाहीत. पण एक पान कळलं आणि ती हातातला घास विसरली. त्यात असं होतं की उघड्या धातूवर इलेक्ट्रॉनचं धुकं पृष्ठभागाच्या जरासं बाहेर सांडलेलं असतं. म्हणजे बाहेर उणे, आत अधिक, धातूचा स्वतःचाच एक द्विध्रुव. सोन्याचा उंबरठा एवढा उंच असतो तो काही अंशी त्यामुळेच. आणि त्यावर काहीही येऊन बसलं की ते धुकं आत दाबलं जातं, उंबरठा उतरतो. काहीही म्हणजे काहीही. स्पिरिटचा अंश, हवेतला तेलकटपणा. साहेबाच्या औषधानं तोंडं एका बाजूला करायची काही गरजच नाही. निम्म्यांनी इकडे आणि निम्म्यांनी तिकडे तोंड केलं, स्वतःची बेरीज शून्य करून ठेवली, तरी नुसतं अंगावर पडून राहिल्यानं आकडा खाली यायचाच!

हे ज्ञान नवीन नव्हतं, पुस्तक तिच्या नोकरीइतकं जुनं होतं. ज्याला ऐकायचं नव्हतं त्यानं ऐकलं नव्हतं. पण पुस्तक सोन्याबद्दल सांगत होतं, ताईच्या हातांबद्दल नाही.

आणि मग साखरसाहेब जिना उतरून तिच्या दारात आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"काय ताई, ओळखलंत का?"

"तुम्हाला कशी विसरेन, साहेब," ताई म्हणाली. हे तिनं अगदी मनापासून म्हटलं.

भानगड अशी होती की पाच दिवसांनी कंपनीची माणसं येणार होती. औषध बाजारात आणायचं ठरत होतं. बरोबर एक जुन्या प्राध्यापिका येणार होत्या, तपासणीसाठी. त्यांना सगळे परीक्षकबाई म्हणत. प्रयोग त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवायचा होता, आणि मधल्या काळात आणलेलं नवं यंत्र नेमकं बिघडलं होतं. जुनं यंत्र चालवू शकेल असं माणूस इमारतीत एकच होतं.

"तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाही हो," साहेब म्हणाला. "झालं गेलं विसरून जाऊ. हाताला जरा जपा म्हणजे झालं."

हाताला जरा जपा! ताईनं हातातला ब्रश खाली ठेवला, नाहीतर तो कुठे गेला असता सांगता येत नाही.

साहेबानं खिशातून औषधाची बाटली काढली. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर सही आणि तारीख. "आजकाल कुणाचा भरवसा देता येत नाही," तो म्हणाला, "म्हणून सील केलंय. फोडायचं ते तुमच्याच हातानं. आठ पट्ट्या बुडवा. आणि हो, या वेळी त्या कोऱ्या पट्टीचे लाड नकोत."

"वेगळी कोरी पट्टी एकही ठेवत नाही, साहेब," ताई म्हणाली. त्या क्षणापर्यंत तिचं काही ठरलेलं नव्हतं. हे बोलता बोलता ठरलं.

संध्याकाळी तिनं वहिनीला सगळं सांगितलं. भाऊ परगावी कामाला, घरात या दोघीच. वहिनी भाजी निवडत होती, ती निवडायची थांबली.

"म्हणजे बाटली फोडायचीच नाही?"

"नाही. आठच्या आठ पट्ट्या नुसत्या स्पिरिटमध्ये. नवी भांडी, नवा चिमटा, नवे मोजे. वरच्या मजल्यावरची टाचणीसुद्धा घेणार नाही. त्या औषधाला मी नऊ वर्षांत शिवलेली नाही. आता उतरू दे आकडा, मग बघते तो कुणाच्या हातांना नावं ठेवतो ते."

"आणि नाही उतरला तर?"

"तर तो खरा," ताई म्हणाली. "तेव्हा माझ्याच हातांना लागलेलं होतं. सगळ्यांसमोर प्रयोग फसेल, बाटली बंद सापडेल, आणि मला फाटकाबाहेर काढतील."

"अगं, मग आधी एकदा बघून घे ना गुपचूप!"

"यंत्राची किल्ली साहेबाकडे आहे. प्रयोगाच्या दिवशीच, त्याच्यासमोर मिळणार."

वहिनीनं कपाळावर हात मारला. "मी असते तर सरळ त्या औषधात मीठ टाकून मोकळी झाले असते."

"तुझ्या सगळ्या सुडांत मीठच असतं. म्हणून तर आमटी खारट होते," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण वहिनीनं त्या दिवशी तिला भांड्यांना हात लावू दिला नाही.

प्रयोगाच्या दिवशी यंत्राच्या खोलीत दहा-बारा माणसं होती. कंपनीचे दोघे पुढे, एक उंच, एक टकल्या. परीक्षकबाई ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, कुणी पुढे केलेली खुर्ची नाकारून उभ्याच. साखरसाहेब नव्या कोटात. त्यानं द्विध्रुवांवर दहा मिनिटं असं काही बोलून दाखवलं की ताईलासुद्धा क्षणभर वाटलं, असेल बुवा खरं.

आधी उघडं सोनं. ताईनं पट्टी कोठीत नेऊन आयनांच्या, म्हणजे विजेनं भारलेल्या कणांच्या माऱ्यानं खरवडून साफ केली आणि दिवा लावला. पाच पूर्णांक दोन. मग साहेबानं पट्ट्यांचा डबा टकल्यापुढे धरला. "आपणच निवडा. कुठलीही." टकल्यानं भाग्याची चिठ्ठी काढावी तसं डोळे मिटून बोट ठेवलं. पाचवी पट्टी.

पट्टी आत गेली. कोठी पुन्हा पूर्ण रिकामी व्हायला चाळीस मिनिटं लागतात. सगळ्यांना चहा आला. ताईनं घेतला नाही. पंप जुना झाला होता, मधेच खोकायचा, आणि तो खोकला की ती दाबाचा काटा बघायची. तिला कळत होतं की आत जे काय व्हायचं ते होऊन गेलंय. पट्टीवर जे आहे ते आहे. आता सुडाचासुद्धा विचार तिच्या डोक्यात राहिला नव्हता. आकडा उतरू दे, एवढंच ती म्हणत होती.

दिवा लागला. पडद्यावर रेघ चढायला लागली, चढता चढता वळली, आणि आकडा आला.

चार पूर्णांक पाच.

टाळ्या पडल्या. उंच माणसानं साहेबाचा हात हातात घेतला. ताईनं यंत्राच्या कडीला धरलं. हात स्वच्छ होते. बाबांना दिलेलं उत्तर खरं होतं. एवढं मनात येऊन गेलं आणि त्याच्यामागोमाग राग आला तो असा आला की नऊ वर्षांचा सगळा मिळूनही एवढा नव्हता. तिनं झग्याच्या खिशातून बाटली काढली आणि मेजावर, साहेबाच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"साहेब, हे तुमचं औषध राहिलंय माझ्याकडे."

"हं, ठेवा तिथे," साहेब न बघता म्हणाला. मग त्यानं बघितलं.

परीक्षकबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाटली उचलली. "सील शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "ही दुसरी बाटली का?"

"एकच दिली होती, बाई. सही बघा, तारीख बघा. पट्ट्या मी नुसत्या स्पिरिटमध्ये बुडवल्या. आठही."

टकल्यानं साहेबाकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "म्हणजे औषध न घालताच गुण आला?" तो म्हणाला. "मग औषध कशाला हवं?"

"एक मिनिट," साहेब म्हणाला. आवाज तसाच, मधात बुडवलेला. "ताईंचा गैरसमज झालाय. भांड्यांना जुनं औषध लागलेलं असणार. ताईंची हाताळणी जरा... म्हणजे कागदोपत्री नोंद आहे तशी."

याचीच तर ती वाट बघत होती! तिनं दुसऱ्या खिशातून नऊ कागद काढले आणि एकेक करून मेजावर मांडले, पत्ते टाकावेत तसे. "उत्कृष्ट. उत्कृष्ट. उत्कृष्ट. हेही उत्कृष्ट. सगळ्यांवर तुमचीच सही आहे, साहेब. या इमारतीत माझ्याइतकी स्वच्छ भांडी कुणी धूत नाही, हे तुम्हीच लिहून दिलंय. आता कुठलं खरं धरू? हे का ते?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेबाचा चेहरा पहिल्यांदाच विनासाखरेचा दिसला. ताईनं तो पोटभर पाहून घेतला.

परीक्षकबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी साहेबाला सरळ विचारलं, "इतक्या वर्षांत तुम्ही स्वतः एकदाही कोरी पट्टी करून पाहिली नाहीत?"

"तशी गरज भासली नाही," साहेब म्हणाला. "प्रामाणिकपणे सांगतो, डोक्यातच आलं नाही. चूक झाली असेल तर ती अजाणता झाली."

अजाणता! तिनं तो जुना कागद काढला असता तरी तो म्हणाला असता, मला खरंच तुमचे हात घाण वाटले होते. अजाणता चुकलेल्या माणसाला लोक माफ करतात. बाईंनी उद्या लेखी अहवाल देते म्हणून सांगितलं, कंपनीची माणसं कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागली. ताई पायऱ्या उतरताना आपण जिंकलो की नाही याचा विचार करत होती. तिला काहीतरी अपुरं वाटत होतं.

ती आपल्या खोलीत आली, सवयीनं नळ सोडला आणि पट्ट्या बुडवलेले ते आठ ग्लास धुवायला घेतले. थोड्या वेळात साखरसाहेब आला. दार त्यानं ढकललं, पण त्या दाराची खिटी वर्षभर बिघडलेली होती. ते हातभर उघडंच राहिलं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "आपण दोघं एकाच नावेतले. बाईंना एवढंच सांगा की बाटल्यांची अदलाबदल झाली. सील नसलेली एक होती, ती वापरली. तुम्हाला उद्यापासून तुमचं यंत्र परत. लेखी देतो. नाव छापतो तुमचं."

ताईनं ग्लास उजेडात धरून पाहिला. "बघू. आधी मला एक खरं सांगा. त्या वेळी माझे हात घाण होते असं तुम्हाला खरंच वाटलं होतं का?"

साहेबानं मागे पाहिलं नाही. नळाच्या आवाजात आपलं बोलणं आपल्यातच राहील असं त्याला वाटलं असावं, किंवा एवढ्याशा गोडव्यानं काम होईल असं वाटलं असावं. तो आणखी जवळ सरकला. "नाही हो, ताई. तुमचे हात स्वच्छच होते. तुम्ही कागद आणलात त्याच आठवड्यात मी स्वतः कोरी पट्टी बुडवली आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतून मोजून आणली. तेवढीच उतरली होती. पण तुम्हीच सांगा, मी तरी काय करणार होतो? सगळं पुढे गेलेलं होतं."

ताईच्या हातातला ग्लास पाण्याखाली तसाच राहिला. म्हणजे याला माहीत होतं. बाबा तीन वर्षं खुर्चीत बसून विचारत होते, ती 'हो' म्हणताना आतून चाचपडत होती, आणि या माणसाला वरच्या मजल्यावर बसून त्याच आठवड्यापासून माहीत होतं. हात धुतले होते का, हे अख्ख्या जगात एकाला पक्कं ठाऊक होतं आणि तो दर वर्षी 'उत्कृष्ट' लिहून खाली पाठवत होता. तिला त्याच्या डोक्यात ग्लास घालावासा वाटला. अगदी खरंच वाटला.

तिनं वर पाहिलं. दाराच्या फटीतून बाहेरचा जिना दिसत होता. परीक्षकबाई दोन पायऱ्या उतरून थांबल्या होत्या, पिशवी खांद्याला, निघायच्या बेतात. त्यांच्यामागे तो टकल्या आणि आणखी तिघं-चौघं होते. नळाच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं असेल असं दिसत नव्हतं. बाईंनी कान देत मान कलती केली होती.

ताईनं ग्लास खाली ठेवला आणि नळ घट्ट बंद केला.

"पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, साहेब," ती म्हणाली. "पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं."